लागेल कधीतरी

मराठी मध्यमवर्गीय माणूस वस्तू टाकून देत नाही. फार तर वस्तूच कंटाळून त्याला सोडून जाते. आमच्या माळ्यावर एका मिक्सरचं चटणीचं भांडं आहे. मिक्सर जाऊन वीस वर्षं झाली. कुलूप नसलेल्या अकरा किल्ल्या आहेत आणि किल्ली नसलेली चार कुलपं आहेत. या दोन्ही पक्षांची कुठे सोयरीक जमते का, हे वडील दर दिवाळीच्या साफसफाईत बघायचे. आता मी बघतो. जमत नाही. पण हातची स्थळं सोडू नयेत म्हणून दोन्ही पक्ष पुन्हा डब्यात जातात. ‘लागेल कधीतरी’ हे आमच्या घराण्याचं बोधवाक्य आहे.

यंदाच्या साफसफाईत बाकरवडीचा एक जुना डबा खाली आला. आत शेवयांसारखा वायरींचा गुंता, दोन मेलेल्या मोबाइलच्या फुगलेल्या बॅटऱ्या आणि तळाशी एक पांढरी, गुळगुळीत, पत्त्यांच्या जोडाएवढी वस्तू. पाठ एकेकाळी आरशासारखी होती; आता ओरखड्यांमुळे तालुक्याच्या नकाशासारखी दिसत होती.

“हे काय आहे?” बायकोने विचारलं.

“आयपॉड.”

“चालतो?”

“नाही.”

“मग?”

या ‘मग’ला संग्रहालयाचा संचालकही उत्तर देऊ शकणार नाही. मीही गप्प बसलो. डबा भंगाराच्या ढिगाकडे सरकला आणि तेवढ्यात माझी भाची सई ओरडली, “मामा, थांब! यात गेम्स आहेत का रे?”

सई कम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझ्या कुठल्याही संग्रहात तिने आजवर रस घेतलेला नाही. दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यांबद्दल तिने केलेली एकमेव चौकशी म्हणजे ‘यात पाल नाही ना?’ त्यामुळे ती माझ्या भंगाराकडे अशी चमकत्या डोळ्यांनी बघतेय म्हटल्यावर माझा ऊर भरून आला. “आहेत ना,” मी म्हणालो, “टेट्रिस आहे, पॅक-मॅन आहे. का गं?”

“अरे, हे गेम्स आता जगात कुठे विकत मिळत नाहीत. लोक शोधतायत!”

मी बायकोकडे बघितलं. वीस वर्षांच्या संसारात असं बघण्याची संधी पुरुषाला फार वेळा मिळत नाही.

आता ज्यांचा जन्मच टचस्क्रीनवर झाला, त्यांच्यासाठी थोडा इतिहास सांगायला हवा. ॲपल कंपनीने पहिला आयपॉड २३ ऑक्टोबर २००१ रोजी जगाला दाखवला. पाच गिगाबाइट जागा, ३९९ डॉलर किंमत आणि ‘खिशात हजार गाणी’ अशी जाहिरात. मधोमध एक चाक. ते फिरवलं की यादी सरकायची. हा निव्वळ गाणी ऐकण्याचा डबा होता. पण त्यातही एक खेळ लपवून ठेवला होता. यंत्राच्या माहितीच्या पानावर जाऊन मधलं बटण दाबून धरलं, की चेंडूने विटा फोडायचा खेळ सुरू व्हायचा. म्हणजे पंगतीत वाढपी ओळखीचा निघाला तरच पानात पडणारी जास्तीची जिलबी.

ही वीटफोडही साधीसुधी नव्हती. तिचा मूळ पुरुष म्हणजे अटारी कंपनीचा १९७६ सालचा ‘ब्रेकआउट’ हा खेळ. त्याचा पहिला नमुना स्टीव्ह जॉब्सने अंगावर घेतला आणि मित्र स्टीव्ह वॉझ्नियाककडून चार रात्री जागवून बनवून घेतला. वॉझ्नियाकने स्वतः सांगितलेल्या हकिगतीप्रमाणे त्याच्या हातावर ३५० डॉलर टेकवले गेले. वर मिळालेला बोनस काही हजार डॉलरांचा होता, हे त्याला वर्षानुवर्षांनी कळलं. भागीदारीत एकाने विटा फोडायच्या आणि दुसऱ्याने त्यांचे पैसे मोजायचे, ही पद्धत फक्त आपल्याकडच्या बांधकाम व्यवसायात आहे असा माझा समज होता. तो दूर झाला.

पुढे १२ सप्टेंबर २००६ रोजी ॲपलने आयपॉडसाठी खेळ विकायला काढले. पहिल्या दिवशी नऊ : टेट्रिस, पॅक-मॅन, बिज्वेल्ड, झुमा, माहजाँग, मिनी गोल्फ वगैरे. प्रत्येकी ४.९९ डॉलर, म्हणजे तेव्हाचे सव्वादोनशे रुपये. त्या काळात तेवढ्या पैशांत कुटुंब सिनेमाला जाऊन मध्यंतरात समोसेही खाऊन यायचं. पुढच्या तीनेक वर्षांत या खेळांची संख्या चोपन्नावर गेली. मग आयफोन आला, लोकांनी चाक सोडून काच घासायला सुरुवात केली आणि २०११ साली ॲपलने हे सगळे खेळ दुकानातून निमूटपणे काढून टाकले. आयपॉड क्लासिक २०१४ मध्ये गेला आणि २०२२ च्या मे महिन्यात उरलासुरला आयपॉड टचही बंद झाला.

आता यातली गंमत बघा. आयट्यून्सचं हे दुकान भारतात उघडलं डिसेंबर २०१२ मध्ये. म्हणजे खेळ दुकानातून गेल्यावर वर्षभराने आपल्याकडे शटर वर गेलं. लग्नाला पोचावं आणि मांडववाले बांबू ट्रकमध्ये भरत असावेत, तशातली गत. या चाकाच्या खेळांपैकी एकही खेळ भारतात रीतसर विकला गेला नाही.

मग माझ्याकडे कसे? तर माझा मावसभाऊ श्रीदादा. मूळचा सांगलीचा, मुक्काम एडिसन, न्यू जर्सी. २००७ च्या डिसेंबरात तो आला तेव्हा त्याने माझ्यासाठी हा ऐंशी जीबीचा आयपॉड आणला. बदाम, डॉलर-स्टोअरमधले साबण आणि आयपॉड. पहिल्या दोन गोष्टी नातेवाइकांत वाटल्या, तिसरी मला दिली. वर आपल्या खात्यावर घेतलेले खेळही त्याने त्यात भरून दिले होते. आणि त्यांच्याबरोबर ‘एसएटी’ या अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशपरीक्षेची तयारीही. होय, कॅपलान या शिकवणीवाल्यांनी वाचन, लेखन आणि गणित असे तीन भाग खेळांच्या दुकानात विकायला ठेवले होते. श्रीदादाने ते मुलासाठी घेतले होते. खेळण्याच्या यंत्रात अभ्यास लपवून ठेवणं हे मराठी पालकांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं स्वप्न अमेरिकन कंपनीने साकार केलं आणि त्याचं पहिलं गिऱ्हाईकही सांगलीचंच मिळालं.

त्या यंत्रावर खेळणं म्हणजे अंगठ्याची तपश्चर्या. चाकावर अंगठा गोल गोल फिरवायचा. ठोकळे पाडायचे असोत की गोल्फचा चेंडू मारायचा असो, सगळं त्या एका चाकावर. पॅक-मॅनला वर-खाली-डावी-उजवीकडे पळवणं तर त्यावर इतकं अवघड, की बिचारा भुतांच्या हाती लागायच्या आधी माझ्याच हातून मरायचा. आजी तेव्हा होती. संध्याकाळी मला कोपऱ्यात मान खाली घालून, अंगठा फिरवत, ओठ हलवत बसलेलं तिने पाहिलं आणि आईला हळूच म्हणाली, “पोरगा नामस्मरणाला लागला गं!” मी ओठांतल्या ओठांत काय पुटपुटत होतो, हे तिला नीट ऐकू आलं नाही, ही देवाचीच कृपा.

“पण सई,” मी विचारलं, “टेट्रिस काय, मोबाइलवर हवं तितकं मिळतं. हेच टेट्रिस वाचवायचा अट्टहास कशासाठी?”

तिने मग मला जे सांगितलं, ते ऐकून मी पंख्याखाली बसलो. या चोपन्न खेळांपैकी काही फक्त याच डब्यासाठी जन्मले होते, आणि ते तुमच्याच गाण्यांवर चालायचे. मासाया मात्सुउरा नावाच्या जपानी खेळकर्त्याने ‘म्युझिका’ केला. त्यात तुमचं गाणं वाजत असतं, पडद्यावर एकेक अक्षर उमलतं, आणि ते अक्षर गाण्याच्या नावात असेल तर बटण दाबायचं. ‘गिटार हिरो’ करणाऱ्या हार्मोनिक्सने ‘फेज’ केला. त्यात तुमच्या गाण्याच्या ठेक्यावरून खेळ रचला जायचा. आणि ‘फायनल फँटसी’वाल्या स्क्वेअर एनिक्सने २००८ मध्ये ‘साँग समनर’ काढला. त्यात तुमच्या संग्रहातल्या प्रत्येक गाण्यातून एकेक सैनिक जन्माला यायचा आणि तुम्ही ती फौज घेऊन लढायचं.

मी डोळे मिटून माझी फौज डोळ्यांसमोर आणली. माझ्या आयपॉडमध्ये भावगीतं, अभंग, नाट्यसंगीत आणि सत्यनारायणाची कथा. भावगीतातून निघालेला सैनिक रणांगणावर जाऊन चंद्राकडे बघत उसासे टाकणार. अभंगातला सैनिक शत्रूच्या पाया पडणार. नाट्यसंगीतवाला पहिला वार करण्याआधी तीन वेळा ‘वन्स मोअर’ घेणार. आणि सत्यनारायणाच्या कथेतून निघालेला पाचवा अध्याय संपल्याशिवाय जागचा हलणार नाही. तोवर शत्रूने प्रसाद घेऊन घर गाठलेलं असेल.

‘म्युझिका’त मात्र मला कुणी हरवू शकलं नसतं. माझी सगळी गाणी कोपऱ्यावरच्या सीडीवाल्याकडून आलेली. त्यामुळे पंडितजींचा यमन असो की ढोलकीवरची लावणी, आयपॉडच्या पडद्यावर गाण्याचं नाव एकच : ‘ट्रॅक ०१’. कलाकार : ‘अननोन’. टी, आर, ए, सी, के ही पाच अक्षरं पाठ केली असती, तर मी त्या खेळाचा जगज्जेता ठरलो असतो.

गंमत सोडा, पण मुद्दा माझ्या लक्षात आला. खेळ, यंत्र, चाक आणि ज्याची त्याची गाणी, असं चौघांचं ते कुटुंब होतं. चौघे एका छताखाली असले तरच खेळ. नुसतं त्याचं चित्र बघून काही कळायचं नाही. उकडीच्या मोदकाचा फोटो बघून कुणाचा उपास सुटलाय?

मग हे खेळ गेले कुठे? नेटवर तर सगळंच मिळतं म्हणतात. इथे माझ्या माळ्यावरची कुलपं-किल्ल्या आठवा. ॲपलने प्रत्येक खेळाला ‘फेअरप्ले’ नावाचं कुलूप लावलं होतं. नाव वाचून फसू नका; ‘आदर्श’ नावाच्या सोसायट्याही आपण बघितल्या आहेत. कुलूप असं, की खेळ ज्या खात्यावर घेतला, त्या खात्याने ज्या कम्प्युटरला परवानगी दिली, तिथूनच तो आयपॉडमध्ये उतरणार. आणि एका खात्याला परवानगी जास्तीत जास्त पाच कम्प्युटरांची. थोडक्यात शिधापत्रिका. पाच नावं लिहा, सहावा उपाशी. तेव्हा नुसती खेळाची फाइल कुठून मिळवलीत, तरी ती म्हणजे माझ्या माळ्यावरचं किल्ली नसलेलं कुलूप. आणि नुसतं खातं आठवलं, फाइल नाही, तर कुलूप नसलेली किल्ली. जगभरच्या माळ्यांवर ही दोन्ही स्थळं वेगवेगळ्या डब्यांत पडून होती आणि मध्यस्थ मिळत नव्हता.

त्यातून आयपॉड नव्या कम्प्युटरला जोडला, की आयट्यून्स पहिलाच प्रश्न विचारतं : हा दुसऱ्या घरचा आहे, यातलं सगळं पुसून आमचं भरू का? पाहुणा दारात उभा आहे, अजून चपला काढायच्यात, आणि यजमान विचारतोय, तुमची बॅग जाळू का? घाईघाईत ‘हो’ म्हणून किती जणांनी आपले खेळ पुसून घेतले असतील, देव जाणे.

बरं, सरळमार्गाने जावं तर तोही मार्ग नाही. पैसे घेऊन निघालात तर दुकान नाही, आणि फुकट घेतलंत तर चोरी. घ्यायला गिऱ्हाईक तयार, विकायला मालक तयार नाही आणि वस्तू जागच्या जागी कुजतेय, असे वाडे पुण्यात पेठापेठांत उभे आहेत. पुणेकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

तोडगा निघाला २०२४ मध्ये, आणि तो एखाद्या मोठ्या संस्थेने नव्हे, आयपॉडवर जीव असलेल्या एका चाहत्याने आणि त्याच्यासारख्याच मूठभर हौशी लोकांनी काढला. तोडगा ऐकला आणि मला वाटलं, या माणसाचं आजोळ नक्की गिरगावातल्या चाळीत असणार. नियम म्हणतो, एका खात्याला पाचच कम्प्युटर. पण एका कम्प्युटरला किती खाती? त्याबद्दल नियम इतका काटेकोर नव्हता. नियम करणाऱ्याने एका बाजूने मोजलं आणि दुसऱ्या बाजूने मोजायचं राहून गेलं. मग या मंडळींनी एक ‘व्हर्च्युअल मशीन’ उभं केलं. हे काय असतं, ते सईने मला अर्धा तास समजावलं. मी अर्ध्या मिनिटात सांगतो : पोटभाडेकरू. खऱ्या कम्प्युटरच्या पोटात सॉफ्टवेअरने थाटलेला दुसरा कम्प्युटर. त्याला देह नाही, त्यामुळे मरण नाही. आत बसलेल्या आयट्यून्सला मात्र आपण अस्सल बिऱ्हाडातच राहतोय असं वाटतं.

मग ज्या ज्या कुणाकडे खेळाची मूळ फाइल आणि ते विकत घेतलेलं खातं दोन्ही जिवंत होतं, त्या एकेकाने येऊन या पोटभाडेकरूला आपल्या खात्याची परवानगी दिली. आपल्या पाचांपैकी एक जागा अनोळखी माणसांच्या कम्प्युटरला! चाळीत एका दारावर पाटणकर, पेडणेकर, काळसेकर, शिवाय ‘पत्रव्यवहारासाठी फक्त’ असा एक भाचा, अशा पाट्या असायच्या, तसं ते यंत्र झालं. आणि या बिऱ्हाडाची हुबेहूब प्रत कुणीही उतरवून घेऊ शकतो. प्रत्येक प्रत म्हणते, ‘मीच तो.’ एक बहुरूपी अनेक रूपं घेतो. इथे अनेकांनी मिळून एकच रूप घेतलं. परवानग्या आत आधीच मुरलेल्या असल्याने पुन्हा ॲपलच्या दारात जाऊन विचारायचं कारण नाही. उद्या ते दार कायमचं बंद झालं तरी बिऱ्हाड चालू.

हे सगळं ऐकून माझ्यातला संशोधक जागा झाला. श्रीदादाचं खातं! श्रीदादाचे खेळ! मानवजात आमच्या बाकरवडीच्या डब्यापाशी येऊन अडकली होती. मी त्याच रात्री एडिसनला फोन लावला.

“दादा, आयपॉडवर गेम घेतलेस ते खातं आठवतं का?”

“अरे, ते ऑफिसच्या ईमेलवर होतं. ती कंपनीच राहिली नाही.”

“पासवर्ड?”

“मला काल काय खाल्लं ते आठवत नाही.”

“बरं, गुप्त प्रश्न असेल की. पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव.”

“हां! मोत्या!” तो एकदम खुलला. पण ‘मोत्या’ इंग्रजीत लिहायचा कसा? शेवटी वाय-ए की आय-ए? सहा प्रकारे लिहून झालं, यंत्र बधेना. शेवटी सांगलीला मावशीला फोन लावला. मावशी म्हणाली, “आपल्याकडे कुठला कुत्रा? तो शेजारच्यांचा होता. हा मेला माझ्या भाकरी चोरून घालायचा त्याला. आणि मोत्या नव्हे, टिप्या.” पन्नास वर्षं जपलेली आठवण एका वाक्यात गेली. श्रीदादा बराच वेळ फोनवर गप्प होता. मग मागून वहिनींचा आवाज आला, “अहो, तेव्हा तुमचे सगळे पासवर्ड म्हणजे मामंजींच्या स्कूटरचा नंबर नव्हता का?”

एमएच दहा, आणि पुढचे आकडे. खातं उघडलं. सांगलीच्या आरटीओने दिलेल्या नंबराने न्यू जर्सीतलं कुलूप उघडलेलं बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. किल्ली सापडली, आता कुलूप, म्हणजे फाइली. त्या होत्या २००७ च्या कम्प्युटरवर आणि तो होता बेसमेंटमध्ये. बेसमेंट म्हणजे अमेरिकेतला माळा. तिथे माळा खाली असतो, एवढाच फरक. दादा बॅटरी घेऊन खाली उतरला. फोनवर वहिनींचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता : “दहा वर्षं सांगतेय, टाकून द्या म्हणून. चालतो का तो?” “नाही.” “मग?” आणि बारा हजार किलोमीटरवरून दादाचं उत्तर आलं, “लागेल कधीतरी.” घराणं एकच.

डिस्क काढली, दुसऱ्या यंत्राला जोडली, फाइली मिळाल्या. टेट्रिस, पॅक-मॅन, मिनी गोल्फ आणि एसएटीचं गणित. मी सईला म्हटलं, “कळव त्यांना. म्हणावं, महाराष्ट्राने दिलं.” तिने जमलेल्या खेळांची यादी काढली. वरून खाली वाचली. मग खालून वर वाचली. मग फार हळुवार आवाजात म्हणाली, “मामा, हे सगळं त्यांच्याकडे आधीच आहे रे.”

दोन खंड, एक मावशी, एक कुत्रा आणि एका स्कूटरची स्मृती खर्ची घालून आम्ही जगाला जे द्यायला निघालो होतो, ते जगाकडे होतंच. क्षणभर वाईट वाटलं. मग वाटलं, बरंच झालं की! ज्याची शेवटची प्रत माझ्या बाकरवडीच्या डब्यात असती, त्याचं काही खरं नव्हतं. त्या डब्याने आणि भंगारवाल्याने एकमेकांचं तोंड पाहिलं होतं.

कारण शेवटची प्रत हा प्रकार फार वाईट. ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट १९३१ साली मुंबईत लागला, गर्दी आवरायला पोलीस आणावे लागले. आज त्याची एकही प्रत कुठे नाही. सिनेमे जपण्यासाठी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं ते १९६४ मध्ये. तोवर कितीतरी रिळं रद्दीच्या भावाने जाऊन संपली होती. त्या काळी सिनेमाकडेही कुणी वारसा म्हणून बघत नव्हतं. ‘पोरांचा टाइमपास’ म्हणूनच बघत होते, जसं आज आपण या खेळांकडे बघतो. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली, तर तिथे निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात मिळत नाहीत. शंभरातले तेराच दुकानात. बाकीच्यांची सगळी भिस्त कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर.

तुकोबांची गाथा इंद्रायणीने तारली, असं भाविक सांगतात. लोकांना ती तोंडपाठ होती म्हणून ती तरली, असं अभ्यासक सांगतात. मी या वादात पडत नाही. पण दोन्ही पक्षांना मान्य होईल अशी एक गोष्ट आहे : गाथा एकाच पेटीत, एकाच मालकाच्या कुलपाखाली नव्हती. पॅक-मॅनची आणि अभंगाची बरोबरी करण्याइतका मी वाया गेलेलो नाही. पण टिकण्याचा नियम थोरामोठ्यांना आणि चिल्लर वस्तूंना एकच दिसतो. जे चार घरी असतं ते उरतं.

आता आमच्या आयपॉडचं पुढे काय झालं? एका दुरुस्तीवाल्याकडे नेला तर तो म्हणाला, “काका, याचा पेपरवेट करा, छान वजन आहे.” शेवटी सईनेच तो उघडला. आत इवलीशी फिरती हार्ड डिस्क होती. तिच्या जागी मेमरी कार्ड घालायची आता हौशी लोकांत पद्धत पडली आहे. तिने तेही केलं, बॅटरीही बदलली. सगळं झालं आणि मग तिच्या लक्षात आलं की तो कम्प्युटरला जोडायचा कसा? या आयपॉडची केबल रुंद, तीस पिनांची; २०१२ पासून कंपनीने तीही बदलून टाकली. सई म्हणाली, “आता ही केबल शोधायला कुठे जायचं?”

मी काही बोललो नाही. बाकरवडीचा डबा पुढे ओढला, शेवयांच्या गुंत्यात हात घातला आणि ती केबल काढून टेबलावर ठेवली. बायको समोरच बसली होती. तिनेही काही बोलणं टाळलं. पण संध्याकाळी बघतो, तर मिक्सरचं चटणीचं भांडं भंगाराच्या ढिगातून निघून पुन्हा माळ्यावर गेलं होतं.

आयपॉड सुरू झाला. पॅक-मॅन पहिल्या मिनिटात माझ्या हातून मेला, म्हणजे यंत्र अस्सल होतं. एसएटीच्या गणितात मला दहापैकी तीन मिळाले. श्रीदादाला सांगितलं, तर म्हणाला, “मुलालाही तेवढेच मिळायचे, म्हणून तर तो आयपॉड तुला दिला.”

तेव्हा वाचकहो, एक विनंती. साफसफाईत असं काही हाती लागलं, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी घरातल्या कुठल्या तरी सईला दाखवा. तीस पिनांची केबल टाकू नका. नव्या कम्प्युटरने ‘पुसू का?’ विचारलं, तर घाईने ‘हो’ म्हणू नका. आणि तुमचे पासवर्ड एका वहीत, स्वच्छ अक्षरात, पेनने लिहून ठेवा. दुधाच्या हिशेबाची वही आई ठेवायची तसे, कपाटाच्या आतल्या बाजूला. कुत्र्याचं नाव मात्र आधी मावशीला विचारून घ्या.